क्रेनच्या हाराची कादंबरी

क्रेनला टांगलेल्या हाराखाली पुढारी उभा राहिला की तुम्ही टाळ्या वाजवल्यात का नाही? खरं सांगा. वाजवल्या असतील, तर सिद्धारामाचं काय झालं तेही ऐका. तोंड फिरवू नका.

चौसाळ्यात हमरस्त्यालगत त्याचं फुलांचं दुकान. वीस वर्षं पुढाऱ्यांचे हार ओवण्यात गेली. आधी गळ्यात मावणारे, मग सहाजणांनी मिळून धरायचे, आता दोन क्विंटल झेंडूचे, थेट क्रेनच्या हुकाला. शिक्षण आठवी, पण वाचायचं याड लई. गिऱ्हाईक नसलं की बिलबुकाच्या पाठीवर लिहायचा. तीन वर्षांत कादंबरी उभी राहिली. नकाशात नसलेला एक देश, आणि त्याच्या राष्ट्रपतीला मारायचा कट. बंदूक नाही, बाँब नाही. दौऱ्यावर आलेला राष्ट्रपती हाराखाली हात जोडून उभा राहतो आणि वरून अख्खा हार सुटतो.

बायको गंगासागर तेव्हाच म्हणाली होती, "अहो, हार तेवढा बदला. तुमची गाठ समद्या तालुक्याला वळखू येते."

"दुसरा हार मला येतो कुठं?"

पन्नास प्रती छापल्या. तालुक्याचे पुढारी आप्पाराव, त्यांच्या वाढदिवसाचा हार सांगायला त्यांचा उजवा हात रामेश्वर आला आणि त्यातली एक फुकटात उचलून घेऊन गेला. वाचली, आणि साहेबांच्या कानावर घातली.

वाढदिवसाला चौकात क्रेन उभी, खाली डीजे, माणसांचा समुद्र. आप्पाराव गाडीतून उतरले, दोन पावलं चालले आणि त्यांची मान वर गेली. तिथंच थांबले. दहा फुटांवरून हाराला हात हलवला आणि वळसा घालून स्टेजवर चढले. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चौकच हसला.

दुपारी चौघांना घेऊन रामेश्वर दुकानात.

"कावून लिहिलं बे हे?"

"राष्ट्रपतीवर लिहिलंय. तुझे साहेब राष्ट्रपती कवा झाले?"

"लई शाना होऊ नको. त्यातला हार काढ. गोळी लिव्ह, इख लिव्ह, काय बी लिव्ह."

"गोळी मी बघितली न्हाई. हार बघितलाय. हाराखाली उभं राहायची हौस असणारे बी बघितलेत."

कानफटात बसली. फुलांवर पाणी मारायच्या टाकीत प्रतींचे गठ्ठे बुडाले. एकेक पुस्तक पायानं दाबून दाबून बुडवलं त्यांनी. शेवंतीच्या ओल्या गोणपाटावर बसलेली गंगासागर मात्र जागची हलली नाही. "ऊठ," रामेश्वर ओरडला.

"बाईमाणसाला हात लावून उठव. मग बघ चौक पुन्हा कसा हसतो."

तो गेला. गोणपाटाखाली एक प्रत निघाली, कडेनं भिजलेली.

त्या दिवसापासून हाराचं काम बंद. छापखानेवाला फोन उचलत नाही. परवा रामेश्वरचा निरोप आला: मोजणीत एक प्रत कमी भरली, ती उरलेली प्रत दे, काम चालू करतो. सिद्धारामानं उत्तर म्हणून ती प्रत गल्ल्याशेजारी उघडी ठेवली, वर तराजूचं किलोचं वजन.

एक प्रत कधीही टाकीत जाऊ शकते. तेव्हा चौसाळ्याला उतरा. त्याच्याकडून वीस रुपयांची फुलं घ्या, पुस्तक मागा, पानांचे फोटो काढा नाहीतर एक प्रकरण हातानं उतरवून न्या, आणि आपल्या गावच्या पारावर मोठ्यानं वाचा.