सत्यवतीआत्याने मागितलेली एसटी

सत्यवतीआत्याने दयारामला माफ केलेलं नाही, करणारही नाही. समजूत घालायला जाणाऱ्यालाच ती झोडपून काढते. मी तिच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पळस्पेच्या पुढे, आत आमचं गाव. पूर्वी पनवेलहून एसटी यायची, दोन माणसं असली तरी सुटायची. दयारामने मॅजिक गाड्या घेतल्या, एसटीच्या जरा आधी पळवून माणसं उचलली, आणि सरपंच झाल्यावर डेपोत सांगून आला की आमच्याकडे एसटीला कोणी बसत नाही. एसटी बंद झाली. मग एका दुपारी आत्याच्या नवऱ्याच्या, भगवानच्या छातीत कळ आली. मॅजिक स्टॉपवर उभीच होती. दयाराम म्हणाला, "दोनतीन शिटा येऊ दे, लगेच सोडतो." शिटा येईपर्यंत भगवान गेला.

आत्या धवलारीण. आमच्याकडे धवलारणीने धवला गाऊन देवांना बोलावल्याशिवाय लग्न लागत नाही. दयारामच्या अंकिताचं लग्न ठरलं आणि तो सुपारी घेऊन आला, तेव्हा आत्याने ती सुपारी उंबऱ्याबाहेर फेकली.

"आधी डेपोत जा. आमची एसटी परत आन. नायतर पोरीला बसव घरात."

तो हसला. पण आसपासच्या सगळ्या धवलारणी आत्याच्याच हाताखाली तयार झालेल्या. एकही येईना. व्याही विचारायला लागले तशी त्याची तंतरली. ज्या साहेबाला एसटी नको म्हणून सांगितलं होतं, त्याच्याचपुढे तो हात जोडून उभा राहिला. खेटे घालून घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे एसटी आली. आत्या धवला गायली. अंकिताला जवळ घेतलं, तिच्या बापाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे मॅजिक रिकाम्या पळायला लागल्या आणि विकल्या गेल्या. आत्याला आसुरी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मलाही झाला.

परवा आम्ही दोघं एसटीने पनवेलला निघालो. गावाच्या वेशीवर दयाराम उभा होता, मधुमेहाने चिघळलेला पाय फडक्यात गुंडाळलेला, हात वर केलेला. आत्या ओरडली, "नको थांबवू! सडू दे त्याला तिथंच!"

ड्रायव्हरने ब्रेक मारला. "मावशी, एसटी हाय ही. हात दाखवला का थांबायचं."

दयाराम कसाबसा चढला आणि पुढच्या सीटवर बसला. गाडी निघाली. आत्या त्याच्या पाठीकडे बघत होती.

"देवांचा धवला अडवून मी ही गाडी मागितली," ती मला म्हणाली, "आन पयला दवाखान्यात हाच पोचनार."