आतून तीन थापा

नागपुरातल्या त्या गोऱ्यांच्या काळच्या इमारतीला मोहल्ला भूतबंगला म्हणे. खरं तर ते फ्रीमेसन या गुप्त मंडळाचं लॉज, म्हणजे सभेची जागा. महिन्यातून एकदा काळ्या कोटातले म्हातारे जमत, एकमेकांना ब्रदर म्हणत आणि हॉलचं दार लावून घेत. एरवी हॉल नाटकांना भाड्याने जाई. झाडलोट कुसुमताईंकडे, दारावरचा पहारा त्यांच्या नवऱ्याकडे, मधुकररावांकडे.

सभेच्या वेळी मधुकरराव बंद दाराबाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसत. आत काय चालतं ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. अधूनमधून दारावर तीन थापा मारायच्या, म्हणजे बाहेर सगळं ठीक. सभा संपली की आतून तीन थापा. मग त्यांची सुटी. सवय अशी जडली की घरीही तसंच ठोकत.

"दार उघडंच हाय," कुसुमताई चुलीपासून म्हणत. "काहून ठोकता? घर तुमचंच हाय नं?"

मागच्या वर्षी सभा चालू असतानाच ते स्टुलावर बसल्या बसल्या वारले. बाहेरची थाप आली नाही म्हणून आतल्यांनी दार उघडलं. त्या गडबडीत आतली थाप राहूनच गेली.

तेव्हापासून नाटकवाल्यांनी दार लावलं, की बाहेरून तीन थापा येत.

"ताई, तुम्ही वाजवता का?" मयुराने विचारलं. ती नवं नाटक बसवत होती. "छान वाटतं. प्रयोगातही ठेवू."

"मी तं तुह्यासमोर झाडून राहिली वं."

मयुराने दार उघडलं. बाहेर रिकामं स्टूल. त्या दिवशी तालीम लवकर आटोपली.

काय करायचं ते कुसुमताईंना ठाऊक होतं. पण सुटी दिली की ते जाणार. म्हणून वर्षभर त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

मग नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ जाळते दिवस. व्हरांड्याची फरशी चटके देऊ लागली. कुसुमताईंनी स्टुलाशी पाण्याचा तांब्या ठेवला, ओला दुपट्टा ठेवला. दुपारी पाहिलं तर तांब्या तसाच भरलेला, दुपट्टा वाळून कडक झालेला.

तालमीत थापा आल्या. आज फार हळू.

कुसुमताई दाराकडे निघाल्या.

"ताई, नका," मयुरा म्हणाली.

"उन्हात बसून राहिले वं ते."

त्यांनी आतून तीन थापा मारल्या. बाहेर स्टूल सरकलं. मग काहीच नाही.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दाराला कडी घातली आणि दाराशीच बसल्या. या वेळी तीन थापा आल्या की त्यांना उठून उघडायचं होतं.