दुसरी टक्कर

मी एसटीत कंडक्टर आहे. कधी यवतमाळ-दारव्हा, कधी यवतमाळ-आर्णी, जिकडे ड्युटी लागेल तिकडे. शेवटच्या बाकावर झोपलेल्या माणसाला त्याचं गाव आलं हे दारातून सांगायचं म्हणजे आवाज तसाच लागतो, आणि माझा आहेही. घरात कौतुकानं बोलले तरी शेजारीण विचारते, भांडण कशाचं चाललंय. मुलगी नववीत आहे. शाळेच्या फुटबॉल संघात ती मागे, गोलच्या पुढ्यात खेळते. मॅच बघायला यायचं तर ओरडायचं नाही, ही तिची अट असते. मी हो म्हणते. मग ओरडते.

ती उंच आहे, बापावर गेली. हवेतून येणारा बॉल बाकीच्या पोरी टाळतात. ही त्याच्याखाली जाऊन उभी राहते आणि कपाळानं धाडकन परतवते. याचं मला फार कौतुक. डेपोत कोणी विचारो न विचारो, मी सांगत सुटायची की आमच्या पोरीचं डोकं म्हणजे नारळ आहे. नारळ फोडायलाच असतो, हे मात्र मला कधी सुचलं नाही.

मागच्या हिवाळ्यात दारव्ह्याच्या एका शाळेशी मॅच होती, इथं यवतमाळलाच. माझी सुट्टी होती. कॉर्नरवरून बॉल आला, माझी पोरगी आणि त्यांची एक अशा दोघी एकदम उडाल्या. बॉल राहिला बाजूला आणि डोक्यावर डोकं आदळलं. तो आवाज लाइनीबाहेर आम्हाला ऐकू आला. दोघी मटकन खाली बसल्या. आमचे खेळाचे सर पाण्याची बाटली घेऊन आत धावले. जाता जाता त्यांनी बदलीच्या पोरीला उठ म्हणून खूणही केली.

मी घाबरलेच होते. पण घाबरले की माझ्या तोंडून थट्टाच निघते, हा माझा स्वभाव. आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं, दोघांची डोकी एकदा आपटली की लगेच पुन्हा एकदा आपटून घ्यायची, नाहीतर शिंगं येतात. भावंडं करतात, वर्गातली मुलं करतात, आम्ही पण केलं. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "अवं, अजून एक टक्कर घ्या वं! नाही तं शिंगं येतीन!"

सगळं मैदान हसलं. रेफ्रीसुद्धा हसला. खाली बसलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, त्यांनाही हसू फुटलं, आणि त्यांनी खरंच टक्कर घेतली. हळू नाही, चांगली जोरात, कारण आता सगळे बघत होते. मग टाळ्या पडल्या. पोरी हसतायत म्हटल्यावर सर अर्ध्यातूनच माघारी फिरले आणि बदलीची पोरगी परत खाली बसली. माझी मुलगी शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळली. आपण वेळ कशी निभावून नेली म्हणून मी खूश होते, हे लिहिताना माझी मान खाली जाते.

ऑटोत तिनं विचारलं, "आई, आपण जिंकलो का?" मी म्हटलं, "हरलो ना, एका गोलनं." थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं. मी चिडले, म्हटलं, कायले डोकं खाते. घराच्या दारात तिला उलटी झाली. ऊन लागलं असेल, समोसा बाधला असेल, अशी कारणं मीच काढली आणि मलाच पटली. सकाळी तिला खिडकीचा उजेड सहन होईना. मग मात्र ड्युटी बदलून घेतली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, तिला एका रेषेत चालायला लावलं. मग विचारलं, "डोक्याला मार किती वेळा लागला?"

"एकदाच," मी म्हटलं.

"दोनदा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर पेशंट बसले होते. आईनंच सांगितलं म्हणून पोरीनं दुसऱ्यांदा डोकं आपटून घेतलं, हे त्या सगळ्यांसमोर कसं सांगायचं? मी म्हटलं, "नाही हो साहेब, एकदाच. तिला नीट आठवत नाहीये. कालपासून तेच तेच विचारते आहे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असंन. एकदाच असंन."

डॉक्टरांनी पुढचे प्रश्न विचारले. मॅच कुठं होती, कोणाशी होती, महिने उलटे म्हणून दाखव. तिला बहुतेक सगळं येत होतं. पण प्रत्येक उत्तराआधी ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. डिसेंबरच्या आधी नोव्हेंबर, हेसुद्धा तिनं माझ्याकडे बघून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मार लागल्याचीच आठवण चुकते आहे आणि उत्तरं देतानाही चाचरते आहे, हे मला बरं दिसत नाही, आजच नागपूरला घेऊन जा.

तेव्हा मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज फुटेना. डॉक्टरांना म्हणावं लागलं, जरा मोठ्यानं बोला. मग मोठ्यानं सांगितलं, टक्कर, शिंगं, टाळ्या, सगळं. बाहेरच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

डॉक्टर हसले नाहीत. "म्हणजे ती बरोबर सांगत होती," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी तिला सगळे प्रश्न पुन्हा विचारले, आणि मला खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. वर्गातल्या वांड पोरासारखी मी बसले. माझ्या पाठीमागे ती एकेक उत्तर देत होती, हळू, पण बरोबर. नागपूरला जायची गरज पडली नाही. यवतमाळलाच स्कॅन झालं, ते चांगलं निघालं. डॉक्टरांनी आराम सांगितला, मोबाइल बंद, आणि ते सांगेपर्यंत बॉलला हात नाही. पहिल्या टकरेनंतर तिला लगेच बाहेर काढायला हवं होतं, म्हणाले. आत मेंदूला हिसका बसलेला असतो, तो निवायच्या आत परत मार बसला तर जिवावरही बेतू शकतं. मी मान हलवत राहिले.

बाहेर गाडीवर बसताना ती म्हणाली, "मले वाटलं मी पागल होऊन राह्यली. मले तं दोनदा आठवे. पण तू एकदा म्हटलं ना." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुसऱ्या पोरीची काळजी मला खात होती. सरांकडून नंबर घेतला आणि दारव्ह्याला ड्युटी लागली त्या दिवशी स्टँडवरून तिच्या आईला फोन केला. पोरगी ठीक होती, थोडं डोकं दुखलं होतं म्हणे. मी रडकुंडीला येऊन सगळं कबूल केलं, तर ती बाई हसायलाच लागली. "ताई, तुमी कायले जिवाले लावून घेता? तुमी म्हटलं नसतं तं मी म्हटलं असतं." कोणी शिव्या घालाव्यात म्हणून फोन केला होता. तेही मिळालं नाही.

आता मुलगी बरी आहे. डॉक्टरांनी हळूहळू खेळायला परवानगी दिली आहे, हेड मारणं सोडून. सरही आता लहान पोरींकडून हेडिंग करवून घेत नाहीत. मी मैदानावर जाते आणि गप्प बसते. ती म्हणते, "ओरड ना थोडी."

परवा माझा भाऊ जेवायला आला होता. ताटावर बसल्या बसल्या त्यानं भाचीला विचारलं, "काय वं, त्या दारव्ह्याच्या मॅचमधी झालतं तरी काय? नीट सांग मले."

तिनं घास खाली ठेवला, सांगायला तोंड उघडलं, आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

"तू सांग," मी म्हटलं. "तुले आठवते तसं सांग."

"आईले विचारा मामा," ती म्हणाली, अगदी सरळ मनानं. "तिले पक्कं आठवते."

पोळ्यांचा डबा भरलेलाच होता, तरी मी पोळ्या आणायला म्हणून उठले.