पंख कापलेला घोडा

देवळीच्या वाचनालयातले ग्रंथपाल स्वतःला पोरांच्या बुद्धीचे राखणदार समजत. पंचाहत्तर सालच्या सुमारास मी तिथे रोज पेपर वाचायला जायचो आणि त्यांचा तोरा बघायचो. चष्मा कपाळावर चढवून ते प्रत्येक वाक्य ‘शास्त्र म्हणते’ असं सुरू करत. शास्त्राशी त्यांचा संबंध तेवढाच होता.

परीकथांवर त्यांचा भारी राग. एकदा उडणाऱ्या घोड्याचं चित्रांचं पुस्तक आलं. त्यातला घोडा चंदी खायचा, नाल ठोकून घ्यायचा, पावसात पंख झटकायचा. माझ्या धाकट्या मुलीने ते मागितलं, तर या गृहस्थांनी तिच्यासमोरच ब्लेड काढलं, पानापानावरचे पंख कापले आणि मगच पुस्तक तिच्या हातात दिलं.

“शास्त्र म्हणते, घोड्याले पंख नसतात. आता कसा बरोबर दिसून राह्यला!”

मी संतापून काही बोलणार, तेवढ्यात कापलेल्या जागेवरून बोट फिरवत मुलीने विचारलं, “काका, त्याले लय दुखलं असन ना?”

ग्रंथपालांनी हातातलं ब्लेड घाईघाईने पाठीमागे लपवलं.