लुर्देसबाईंची समकक्षता

लुर्देस बेतांकूर ही शनिवारची बाई होती. बाकीचे दिवस तिच्या घरात बोलायचा तो एक फ्रिज. नवरा मानुएल गेला, मागोमाग गायी विकल्या, गोठा भाड्याने गेला. मुलगी इडालिना ओरेगनला जाऊन बसली होती. रविवारी फोन करायची, पण तिचं निम्मं लक्ष कुत्र्याकडे. शनिवार उजाडला मात्र, की लुर्देसच्या अंगात वारं शिरायचं. लिपस्टिक काय, इस्त्रीचा ब्लाउज काय! कॉलेजात तिचा मणीकामाचा वर्ग असायचा, आणि तिथल्या पोरी दारातूनच "बाई, बाई" करत तिला घेरायच्या.

आता हे मणीकाम म्हणजे काही पिशव्यांवर फुलं काढणं नव्हे. इथे अमेरिकेत, आमच्या व्हॅलीतल्या प्रत्येक पोर्तुगीज घराला वाटतं, आपली लेक एकदा तरी फेस्ताची, म्हणजे चर्चच्या जत्रेची, राणी व्हावी. राणीच्या खांद्यावरून मखमली केप रस्ताभर मागे लोळते, आणि मण्यांनी ती इतकी जड होते की चर्च येईस्तोवर पोरगी रडकुंडीला येते. पण आयांचा हट्ट असा, की शेजारणीच्या लेकीपेक्षा आपलीची जडच पाहिजे. गावातल्या निम्म्या केप लुर्देसच्या हातच्या. पोर्तुगीज बेटावरून आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आली ती थेट दूध काढायलाच लागली. शाळा तिथेच सुटली ती सुटलीच.

त्या वेळच्या डीनची लेक राणी झाली, तेव्हा त्याने ती केप पाहिली आणि म्हणाला, "हे आमच्याकडे शिकवा." पण कॉलेजात शिकवायचं तर निदान दोन वर्षांची पदवी हवी. ती नसेल, तर समकक्षता समिती बसते आणि ठरवते, की हे माणूस पदवीवाल्याच्या तोडीचं आहे की नाही. समिती बसली. लुर्देसने नेलेला गोड पाव सगळ्यांनी मिळून संपवला आणि तोडीची आहे म्हणून मोकळे झाले. फक्त एक घोळ करून ठेवला, आणि असला घोळ आमचेच लोक करू जाणे. "बिचारीला शिवणखात्यातलं बाकी काही येत नाही, तर लिहा फक्त मणीकामापुरती." झालं! नियमात असली तुकड्याची परवानगी बसतच नाही. माणूस सबंध विषयाला लायक असतो, नाहीतर नसतो. एवढी वर्षं कोणी बघितलं नाही म्हणून चाललं.

नवा डीन आला, आणि त्याने बघितलं. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोला. लुर्देसला खुर्ची देऊन म्हणाला, "बाई, तुमच्या कामाला नावं ठेवत नाही मी. पण अर्धीमुर्धी लायकी हा प्रकारच नाही. सबंध विषयासाठी नव्याने अर्ज करा. मिळाली तर वर्ग तुमचा, नाही मिळाली तर बंद करावा लागेल."

वर्ग बंद म्हणजे शनिवार बंद. मग तिला उरलं काय? फ्रिज!

समितीच्या दिवशी अध्यक्ष हेग मनूगियन तिला व्हरांड्यातच भेटला. इतिहासाचा प्राध्यापक, भुवया केवढ्या! त्याच्या पुतणीने तिच्याकडे शिकलेलं. इकडेतिकडे बघत तो कुजबुजला, "शाळेचं माझ्यावर सोडा. इंग्रजी, हिशोब, इतिहास, ते मी तुमच्याकडून काढून घेतो. ट्रूडी हॉलग्रेन मात्र विचारेल, वस्त्ररसायन शिकवाल का. हो म्हणा."

"अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"न कळू दे! तो वर्ग कित्येक वर्षांत भरलेला नाही, भरणारही नाही. पण विषयात आहे, म्हणून विचारावं लागतं. एक 'हो' टाका, बास. सगळे टाकतात."

आत तिघं होते. मनूगियन, शिवणखात्याची ट्रूडी आणि गणिताचा एक माणूस, जो पूर्ण वेळ पेनच्या टोपणाशी खेळत बसला. सुरुवात झकास झाली. फेस्ता हॉलचा कारभार तिने कसा सांभाळला, सभांची टिपणं इंग्रजीत कशी लिहिली, बेटावर ज्वालामुखी फुटल्यावर माणसं अमेरिकेत कशी आली, हे तिने असं रंगवून सांगितलं, की गणितवाल्याचं टोपण थांबलं. मनूगियन तर खुलून गेला होता.

मग ट्रूडीने विचारलंच. "वस्त्ररसायनाचा वर्ग दिला, तर शिकवाल?"

मनूगियनने भुवया उंचावल्या. लुर्देसच्या डोळ्यांपुढे आली ती त्या वर्गातली कुठलीशी पोर. कामावरून धावतपळत आलेली, वही उघडून तिच्या तोंडाकडे बघत बसलेली.

"नाही," लुर्देस म्हणाली.

"जरा विचार करून सांगा," मनूगियन घाईघाईने म्हणाला. "वाचून, तयारी करून तरी?"

"प्रोफेसर, बासष्टची आहे मी. ते मला या जन्मात जमायचं नाही. समोर पोर बसवून तिला काय थापा मारू?"

"मग बाई, अर्ज कशाला केलात?" ट्रूडीने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच कळत नव्हतं तिला.

"शनिवार जाऊ नये म्हणून." लुर्देसने पर्स मांडीवर घट्ट धरली. "घरी मला कोणी नाही हो. आठवडाभर माझं तोंड उघडतं ते फक्त जेवायला."

ट्रूडीने मान खाली घातली. मनूगियन चष्मा पुसत बसला, पुसतच बसला. पण मताची वेळ आली तेव्हा हात कोणाचा वर गेला नाही. जाणार तरी कसा? ती स्वतःच नाही म्हणाली होती. आणि विचारणाऱ्यांचं काही चुकलं होतं असंही नाही, हेच तर वाईट. कोणावर चिडावं?

शेवटच्या वर्गाला लुर्देस उसनं हसू आणून म्हणाली, "कॉलेजने काढलं म्हणून सुया थोड्याच गंजल्या? पुढच्या शनिवारी सगळ्या माझ्या स्वयंपाकघरात. सोपश करते, फेस्ताला असतो तो मांसाचा रस्सा नि पाव." पोरींनी गलका केला, गळ्यात पडल्या. "येणार, बाई! न येऊन सांगतो कोणाला?" अगदी मनापासून म्हणाल्या हो. पण त्यांचंही घोडं पदवीला लागणाऱ्या क्रेडिटपाशी अडलेलं. क्रेडिट नसलेल्या शनिवारची चैन त्यांना कुठली परवडायला?

ते लुर्देसच्या डोक्यात आलं नाही. तिने आदल्या दिवसापासून मांस शिजत घातलं. चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आणल्या. पाव कापला, परसातला पुदिना खुडला, सगळ्यांच्या ताटल्या मांडल्या. वर्गाची वेळ झाली, टळली. रस्सा दोनदा गरम करून झाला. फोन काही वाजला नाही. गाडीचा आवाज आला की ती खिडकीशी जायची, आणि गाडी पुढे निघून जायची.

शेवटी बेल वाजली. दारात पाहुआ वांग होती. मागच्या बाकावर बसणारी, हमोंग जमातीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी.

"बाई, माझी भरतकामाची रिंग तुमच्या पिशवीत राहिली का हो?"

"आहे ना! ये, ये, आत ये. बस आधी."

"नाही बाई, भाऊ गाडीत थांबलाय. शनिवारी आता मला अकाउंटिंग घ्यावं लागलं. क्रेडिट कमी पडत होते." बोलता बोलता तिची नजर लुर्देसच्या खांद्यावरून आत गेली, मांडलेल्या टेबलावर. तिचा चेहरा पडला. "बाकीच्या... आल्या नाहीत?"

"येतीलच आता," लुर्देस म्हणाली. "सगळ्यांचा फोन येऊन गेला. वाटेत आहेत."

रिंग तिच्या हातात देऊन लुर्देसने लगबगीने डबा भरला. रस्सा वेगळा, पाव वेगळा, भिजून लगदा व्हायला नको म्हणून. भावासाठीही घातलं. "मांस जास्त देत नाही हं, त्या भुतावळीला पुरायला हवं."

पाहुआच्या जिवात जीव आला. "मग बरंय, बाई. मला वाटलं, तुम्ही एकट्याच आहात की काय."

"एकटी कसली? थोड्या वेळाने बघ, नुसता दंगा होईल इथे," लुर्देस म्हणाली. "पळ तू, उशीर होतोय तुला."