मकार साविचचा लाल कुसळांचा गहू

पोल्ताव्याकडच्या बियाणे केंद्रात मकार साविच शिकाऊ उमेदवार म्हणून आला आणि तिथलाच झाला. बायको गेली, तरी त्याने जागा सोडली नाही. त्याचं काम एकच होतं, त्याला शिकवणाऱ्या गुरुजींनी निवडून काढलेला लाल कुसळांचा गहू शुद्ध राखायचा. हा गहू बर्फाला दाद देत नसे, तांबेरा रोगालाही नाही.

एकोणीसशे छत्तीस साली वरून हुकूम आला. गहू स्वतःशीच लग्न लावून दुबळा होतो, त्याला जोडीदार निवडू द्या! सामूहिक शेतावरच्या बायकांनी चिमट्याने फुलांतले परागकोश काढायचे, म्हणजे शेजारच्या वाणांचे पराग वाऱ्याने येतील. कोठारातलं सगळं बियाणं पेरायला लावलं, भोवती दुसरे वाणही. ‘वाण मोडेल,’ एवढंच गुरुजी सभेत म्हणाले. त्यांना गाडीत घालून नेलं, ते परतलेच नाहीत.

मकार विरोधात बोलला नाही. त्याने फक्त उशीर करायचं ठरवलं. फूल उघडण्याआधीच गहू आपल्याच परागाने फळतो. त्यानंतर चिमटे चालले, तर हुकूमही पाळला जाणार होता आणि वाणही वाचणार होता. बायकांना चिमटा धरायला शिकवून तो म्हणाला, "मी तालुक्याहून आलो की सुरू करा."

"का हो साविच, तुमच्यावाचून वऱ्हाड अडलंय का?" टोळीची मुकादम ओदार्का म्हणाली. बायका खिदळल्या.

तालुक्यात त्याने काम नसताना मुक्काम वाढवला. परतला, तर बांधावर गाणी चालली होती. वरेनिकींचं, म्हणजे चेरी भरून उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं मांडलं होतं.

"सगळं उरकलं!" ओदार्का ओरडली. "पलीकडच्या शेतवाल्यांनी पैज लावली, आम्ही आधी संपवू म्हणून. म्हटलं, आपल्या साविचची मान खाली जाऊ द्यायची नाही. तुमची पाठ वळली आणि आम्ही लागलो. तालुक्याला तारसुद्धा केली!"

मकारने एक कणीस उलगडलं, मग दुसरं. एकही कोश सुटला नव्हता. त्यानेच शिकवलं होतं तसं, अगदी स्वच्छ.

"बोला की! चुकलं का काही?"

खरं सांगितलं असतं, तर त्याच्याबरोबर तीही गुरुजींसारखी गाडीतून गेली असती.

"नाही गं. छान केलंत."

"मग जेवा. तोंड का पाडलंय?"

तो जेवला.

पुढच्या उन्हाळ्यात शेतात कुठे कुसळांची कणसं होती, कुठे बोडकी. काही ताटं उंच वाढली, काही आडवी पडली. तालुक्याचे साहेब पाहुणे घेऊन आले. "बघा, प्रेमविवाहाची संतती! साविच, तुमचं सगळ्यात अस्सल कणीस दाखवा यांना."

मकार शेतात शिरला. एकेक ताट हातात धरून बघत राहिला. त्यातलं आपलं कोणतं, हे त्याला ओळखता येईना.