हिराकाकीची कवळी

काकीने मेल्यावर पण आम्हाला उपाशी ठेवलं.

हसू नका, खरं सांगतेय.

हिराकाकी म्हणजे माझी सख्खी काकी. दिघ्याला डोंगराखाली आमचा ठाकर आदिवासींचा पाडा. आता चारी बाजूंनी चाळींच्या रूम्सच रूम्स. त्या रूम्सच्या मागे कचऱ्याचा ढीग होता. काकीने पाड्यातल्या बायांना जुंपलं, ढीग उपसला आणि माहेरच्या रानातले कंद आणून लावले.

करांदे, कंटोली, कवळी. कवळी म्हणजे दातांची नव्हे, पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी.

केबलच्या खांबावर तिने करांद्याचा वेल चढवला. केबलवाला भांडायला आला आणि पिशवीभर करांदे घेऊन गेला.

मी म्हणायचे, "अगं काकी, मार्केट समोर आहे. कशाला मरमर करतेस?"

"मार्केटवाला देल त्याच खायाचा का? आपला खाना आपल्या हातात पायजे."

विषय संपला!

पण तिचा नियम कडक. नवी कवळी वर आली की आधी देवाला आणि गेलेल्या माणसांना वाढायची. तोवर एक पान कुणी खुडायचं नाही.

वाढताना ती काहीतरी पुटपुटायची. एकदा विचारलं, "मंत्र आहे का गं?"

"मंतर कसला? आपल्यातल्या गेलेल्यांची नावा घेतंय. बोलावल्याबगार कोन जेवाया येल?"

मग तीच नावं तिने मला पाठ करायला लावली. ऐरोलीला ऑफिसला जाताना रिक्षात म्हणायचे मी.

गेल्या वर्षी कवळी वर आली आणि काकी गेली.

बाया म्हणाल्या, आता तू वाढ. नावं तुलाच येतात.

मला नाही जमलं. शेवटी काकीचं नाव घ्यावं लागणार होतं. ते घेतलं की ती खरंच गेली असं होणार. नकोच म्हटलं.

मी वाढलं नाही, म्हणून पाड्यात कुणी खाल्लं नाही. एवढी कोवळी भाजी डोळ्यांदेखत निबर झाली, फुलली, बी गळलं. अख्ख्या पाड्याने डाळभात खाल्ला आणि मला कुणी एक शब्द बोललं नाही.

आज वर्ष झालं.

सकाळी आईने हाक मारली, "बाहेर ये, बघ."

न खुडलेल्या कवळीचं बी सगळीकडे पडलं होतं. पार गटाराच्या कडेपर्यंत हिरवंगार! इतकी कवळी काकीच्या हयातीतही कधी आली नव्हती.

आई म्हणाली, "आम्ही राहू गं उपाशी. पण तिला किती दिवस ताटकळत ठेवशील? येल ना, तर पहिली तुझ्या पाठीत घालेल."

रडता रडता हसले मी.

ऑफिसला सुट्टी टाकली. बायांनी भाजी निवडली, मी चणाडाळ घालून शिजवली. पानावर वाढली. एकेक नाव घेतलं, एकही चुकलं नाही.

शेवटी मोठ्याने म्हटलं, "हिराकाकी."

आता अख्खा पाडा जेवतोय. केबलवाला पण आलाय, मेला.

काकी, श्रद्धांजली वगैरे मी लिहिणार नाही. पान वाढलंय तुझं.

पोटभर जेव. पुढच्या वर्षी पण बोलावते.